आधी लायसन्स, मग चावी

बारावीचा निकाल लागला की पेण-रोह्याकडच्या घरांत दोन विषय निघतात: प्रवेश कुठे घ्यायचा आणि गाडी कधी घ्यायची. लोणेऱ्याच्या तंत्रशास्त्र विद्यापीठात जायचं असो नाहीतर अलिबागच्या कॉलेजात, पावसाळ्यात बाइकवरून जाण्यापेक्षा चार चाकं बरी, असं आईवडिलांनाही वाटतं. त्यात गैर काही नाही. मात्र बहुतेक घरांत क्रम चुकतो. गाडी आधी दारात येते, लायसन्सचं नंतर बघू म्हणतात आणि नव्या चालकाला कुठली गाडी द्यायची, याचा विचार सगळ्यांत शेवटी होतो.

अठराच्या आत नाहीच

चारचाकीच्या लायसन्ससाठी वयाची १८ वर्षं पूर्ण हवीत. सोळाव्या वर्षी मिळतं ते ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या दुचाकीचं. बाजारात दिसणाऱ्या पेट्रोल स्कूटर ११०-१२५ सीसीच्या असतात, म्हणजे दहावीतल्या मुलाच्या हाती क्लासला जायला स्कूटर देणंही बेकायदाच. २०१९च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात कलम १९९-अ आलं. अल्पवयीन मुलाने वाहन चालवताना गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार रुपये दंड आणि गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द. शिवाय त्या मुलाला पंचविशी गाठेपर्यंत लायसन्स मिळत नाही. ‘त्याने न विचारता नेली’ हे पालकानेच सिद्ध करायचं. १९ मे २०२४ रोजी पुण्यात कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाच्या गाडीने दोन तरुण जीव गेले, तेव्हा त्याच्या वडिलांनाही अटक झाली होती.

पक्क्या लायसन्सपर्यंत

रायगडचं एमएच-०६ आरटीओ पेणलाच आहे. शिकाऊ लायसन्सची परीक्षा २०२१पासून आधारच्या आधारे घरबसल्या देता येते. तेव्हा शेजारी बसून उत्तरं सांगायचा मोह आईवडिलांनी आवरावा. हे लायसन्स सहा महिने चालतं आणि पक्क्याची चाचणी ३० दिवसांनंतर देता येते. तोवर गाडीला पुढे-मागे पांढऱ्यावर लाल ‘एल’ हवा आणि शेजारी पक्कं लायसन्स असलेला माणूस हवा.

तीस दिवस ही कायद्याने ठरवलेली कमीत कमी मुदत झाली. तेवढ्यात हात बसतोच असं नाही. ड्रायव्हिंग स्कूलची गाडी सहसा गावातल्या गावात फिरते. आपल्याकडचा खरा पेपर सुकेळी खिंडीत किंवा नागोठणे-रोहा रस्त्यावरच्या भिसे खिंडीत असतो. चढावर पुढची गाडी थांबली, मागे ट्रक येऊन टेकला आणि आता मागे न सरकता गाडी उचलायची. आधी हँडब्रेक ओढून ठेवायचा, क्लच अर्ध्यावर आणायचा, बॉनेट किंचित उचललं गेल्याचं जाणवलं की हँडब्रेक सोडायचा. हे रिकाम्या चढावर पन्नासदा करून घ्यावं. वडखळला डोलवीच्या कारखान्याचे ट्रेलर, धाटाव एमआयडीसीकडे रसायनांचे टँकर आणि मुंबई-गोवा महामार्ग तर २०११पासून पनवेल-इंदापूरच्या पट्ट्यात चौपदरीच होतोय. काल होतं ते डायव्हर्जन आज असेलच असं नाही. म्हणून पहिला पावसाळा शेजारी मोठं माणूस बसवूनच काढावा. गणपतीच्या गर्दीत तर नवशिक्याने महामार्गावर जाऊच नये.

गाडी कुठली?

आपल्याकडची रीत अशी की नवी गाडी बाबांची आणि दारातली दहा-बारा वर्षांची जुनी मुलाला, ‘घासली तरी चालेल’ म्हणून. ही रीत उलटी करायला हवी. ज्याच्या हातून चूक व्हायची शक्यता सर्वांत जास्त, त्याला घरातली सर्वांत सुरक्षित गाडी मिळायला हवी.

सेकंडहँड घेताना वर्ष नीट बघा. एप्रिल २०१९पासून मोटारींना एबीएस सक्तीचं झालं. ओल्या रस्त्यावर कचकन ब्रेक मारला तरी चाकं लॉक होत नाहीत आणि स्टिअरिंग हातात राहतं, ते त्यामुळे. जुलै २०१९पासून चालकासाठी एअरबॅग, सीटबेल्टची सूचना, रिव्हर्स सेन्सर आणि ताशी ८० किमीला वाजणारा इशारा आला. पुढच्या दोन्ही एअरबॅग सरसकट मिळतात त्या २०२२पासून बनलेल्या गाड्यांत. त्यामुळे अलॉय व्हील आणि मोठ्या स्क्रीनपेक्षा ही तारीख महत्त्वाची. नवी घेणार असाल तर ऑक्टोबर २०२३पासून सुरू झालेल्या भारत एनकॅपचे तारे पाहा. इंजिन लहान असलं तरी बिघडत नाही. जुन्या गाडीवर कर्जाचा बोजा किंवा थकलेली चलनं नाहीत ना, हे व्यवहाराआधी तपासा आणि आरसीवर नाव बदलण्यासाठी ३० दिवसांत अर्ज करा.

विम्यात एक खाच आहे. पॉलिसीतलं १५ लाखांचं सक्तीचं अपघाती संरक्षण फक्त मालक-चालकाला असतं. गाडी बाबांच्या नावावर आणि चालवणार मुलगी, तर तिला ते लागू नाही. तिच्यासाठी वेगळं घ्यावं लागतं. लायसन्स नसलेल्याने गाडी ठोकली, तर आपल्या गाडीचं नुकसान विमा कंपनी देत नाही. समोरच्याला दिलेली भरपाईही मालकाकडून वसूल करते.

घरचा नियम

न्यूझीलंडने १९८७मध्ये नवख्या चालकांसाठी टप्प्याटप्प्याचं लायसन्स आणलं. मधल्या टप्प्यात रात्री दहा ते पहाटे पाच एकट्याने गाडी चालवायची नाही आणि अनुभवी माणूस शेजारी नसेल तर मित्रांना बसवायचं नाही. आपल्या कायद्यात असा मधला टप्पा नाही, तेव्हा तो घरानेच घालावा. पहिलं वर्षभर रात्री दहानंतर गाडी नाही, मित्रांचं टोळकं नाही, मोबाइल डॅशबोर्डच्या खणात आणि मागे बसणाऱ्यालाही सीटबेल्ट. हा नियम बाबांनी स्वतः पाळला तरच मुलं पाळतील.

कॉलेज पनवेलकडे असेल, तर आधी रोहा-दिवा मेमूचं वेळापत्रक बघा. कदाचित गाडीची गरजच नसेल. गरज असेल तर जरूर घ्या, पण पहिले पैसे शिकवणीवर, दुसरे सुरक्षिततेवर आणि उरलेच तर रंगावर खर्च करा. आणि अठरा पूर्ण होईपर्यंत चावी मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा.