ॲनिमेचा छंद : घेणे थोडे, सांभाळणे फार

आमच्या शाळेतील पुष्कळ वह्यांच्या शेवटच्या पानावर हल्ली मोठ्या डोळ्यांची आणि टोकदार केसांची चित्रे सापडतात. पालक सभेत त्यांना सरसकट 'कार्टून' म्हटले जाते, आणि मुले लगेच दुरुस्ती करतात : 'कार्टून नाही, ॲनिमे.' गंमत अशी की खुद्द जपानमध्ये ॲनिमे म्हणजे कोणताही चलच्चित्रपट, मग तो कोणत्याही देशाचा असो. जपानबाहेर मात्र हा शब्द जपानी चित्रांपुरता उरला. या छंदात बुडालेल्या माणसाचा दिवस कसा जातो, तो काय जमवतो आणि का, हे पालकांना व विश्वस्तांना ठाऊक असावे असे आम्हांस वाटते. 'वेड आहे, जाईल' एवढ्यावर ते सोडून देणे बरे नाही.

अशा छंदिष्टाला जपानीत 'ओताकू' म्हणतात. या शब्दाचा मूळ अर्थ 'आपले घर', आणि त्यावरून आदरार्थी 'आपण'. हे लोक एकमेकांशी फारच औपचारिक बोलतात म्हणून 1983 साली आकिओ नाकामोरी या लेखकाने त्यांना थट्टेने हे नाव दिले. पुढे 1989 मध्ये एका भयंकर गुन्ह्यातील आरोपीच्या खोलीत चित्रफितींचा ढीग सापडला आणि या शब्दाला डागच लागला. चित्रे जमवणारा प्रत्येक तरुण संशयित ठरू लागला. एका माणसाच्या गुन्ह्याची शिक्षा हजारोंच्या छंदाला, हा न्याय आम्हांस मुळीच पटत नाही. तो डाग पुसट व्हायला बरीच वर्षे लागली.

जमवण्याची सवय लागली ती अगदी लहान वस्तूंपासून. ओसामु तेझुका यांची 'तेत्सुवान आतोम' ही मालिका 1 जानेवारी 1963 रोजी जपानी दूरदर्शनवर सुरू झाली. तिची प्रायोजक चॉकलेट कंपनी होती आणि चॉकलेटसोबत आतोमचे चिकटचित्र मिळे. मुलांना चॉकलेटपेक्षा चित्र प्यारे झाले. त्याच वर्गात आज 'गाशापोन' येते : यंत्रात नाणी टाकून मूठ फिरवायची, प्लास्टिकचा गोळा पडतो, आत छोटी मूर्ती. कोणती ते उघडल्यावरच कळते. एकच मूर्ती तीनदा निघाली की मित्राशी अदलाबदल.

मोठ्या संग्राहकाचे वर्ष मात्र ऋतूंप्रमाणे चालते. नव्या मालिका जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर अशा चार हंगामांत येतात. साधारण बारा-तेरा भाग, आठवड्याला एक. पुष्कळ मालिका मध्यरात्रीनंतर लागतात, म्हणून नोकरदार माणूस त्या ध्वनिमुद्रणासह साठवून दुसऱ्या संध्याकाळी बघतो. पात्र आवडले की त्याची मूर्ती निघण्याची वाट. चांगली मोठी मूर्ती पंधरा-वीस हजार येनांची, म्हणजे आपले साधारण आठ-दहा हजार रुपये किंवा अधिकच. ती दुकानात तयार नसते. आगाऊ नोंदणी करावी लागते, हातात येईपर्यंत कित्येक महिने जातात, आणि तारीख पुढे ढकलली जाणे हे तर नित्याचेच. तेव्हा शहाणा संग्राहक पगारातून कोणत्या महिन्यात किती जाणार याचा हिशेब वहीत लिहून ठेवतो. लिहीत नाही त्याच्याकडे एकाच महिन्यात तीन खोकी येऊन पडतात.

पैशाहून मोठी अडचण जागेची. टोकियोतील एकट्या माणसाची खोली अनेकदा सहा चटयांची, म्हणजे दहा चौरस मीटरच्या आसपास. तीत झोपायचे, जेवायचे आणि अलमारीही मांडायची. त्यातून पक्क्या चाहत्यांत एक गमतीचे बोलणे आहे की पुस्तक तीन प्रतींत घ्यावे : एक वाचायला, एक जपायला, एक दुसऱ्याला नादी लावायला. जागा कमी पडली की विकणे आलेच. टोकियोच्या नाकानो ब्रॉडवे या 1966 साली उघडलेल्या इमारतीत मासुझो फुरुकावा या चित्रकथाकाराने 1980 मध्ये जुन्या चित्रकथांचे एक चिमुकले दुकान थाटले. तेच पुढे 'मांदाराके' म्हणून प्रसिद्ध झाले. तिथे जुनी वस्तू खोके आहे की नाही, कुठे ओरखडा आहे, हे पाहून दर ठरतो.

सांभाळण्याचे काम खरे चिकाटीचे. मूर्ती बहुधा पीव्हीसीच्या असतात. ऊन लागले की रंग उडतो. बंद खोक्यात वर्षानुवर्षे ठेवली तर प्लास्टिक मऊ ठेवणारे द्रव्य बाहेर पाझरते आणि मूर्ती चिकट होते. म्हणून मऊ ब्रशने धूळ झाडणे, कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुणे, हवा लागू देणे हे रविवारचे काम. (आमच्या विद्यार्थ्यांना सूचना : फार स्वस्त मिळणारी मूर्ती बहुधा नकली असते. चेहऱ्याचा रंग फासटलेला आणि खोक्यावर कंपनीची खूण नाही, तर घेऊ नये.)

या सर्वांत आम्हांस सर्वाधिक मोलाचा वाटतो तो 'सेल'. बॅटरीचा नव्हे. पूर्वी प्रत्येक चित्र पारदर्शक शीटवर काढत : पुढच्या बाजूला रेषा, मागच्या बाजूला रंग. पडद्यावर सेकंदाला चोवीस चौकटी सरकतात. काटकसर म्हणून एक चित्र तीन चौकटी चालवले तरी सेकंदाला आठ चित्रे लागतात. म्हणजे एका भागासाठी हजारो शीट. चित्रण संपले की कारखान्याच्या दृष्टीने ती रद्दी. पुष्कळ फेकली गेली, काही चाहत्यांना वाटली, काही किरकोळ किमतीला विकली. आज जी हाती आहेत त्यांतली अनेक कोणा विद्यार्थ्याने फाइलमध्ये जपली म्हणून आहेत. आपल्या रामायणावर युगो साको, राम मोहन आणि कोइची सासाकी यांनी दिग्दर्शित केलेला, 1992 साली पूर्ण झालेला आणि जानेवारी 2025 मध्ये भारतातील चित्रपटगृहांत पुन्हा लागलेला चित्रपटही त्याच हाताने रंगवण्याच्या काळातला आहे.

नंतर संगणक आला. 1969 पासून चाललेली 'साझाए-सान' ही मालिका शेवटपर्यंत सेलवर टिकून होती, तीही 2013 मध्ये संगणकावर गेली. तेव्हा आहेत तेवढेच सेल. ते ॲसिटेटचे असल्याने जुने होताना सिरक्यासारखा वास सोडतात आणि एकाचा दोष शेजारच्याला लागतो. वास आला की संग्राहक ते शीट बाकीच्यांपासून वेगळे काढतो, मधला कागद बदलतो आणि फाइल कोरड्या, गार जागी उघडी ठेवतो.