परसबागेंतील कीटकांचें छायाचित्रण

शहरांतल्या घराला परसबाग म्हणून जी काय उरली आहे ती बहुधा गॅलरींतल्या दहा-वीस कुंड्यांची. जास्वंद, तुळस, कढीलिंब, एखादें लिंबाचें रोप, कोपऱ्यांत मोगरा. एवढ्याशा जागेंत पाहण्यासारखें काय असणार, असें घरच्या मंडळींना वाटतें आणि तें साहजिकही आहे. कारण तेथें जें कांहीं चाललेलें असतें त्यांतलें बहुतेक एका सेंटिमीटरच्या आंतलें असतें. जास्वंदीच्या देठावर पांढरा कापूस चिकटल्यासारखा दिसला कीं औषधाची पिचकारी बाहेर निघते. त्या कापसांत शत्रु कोण आणि मित्र कोण हें नुसत्या डोळ्यांना सहसा कळत नाहीं. कॅमेऱ्याच्या भिंगांतून तें कळूं शकतें, आणि तें भिंग हातांत धरून चालविण्याची विद्या वाटते तितकी दुर्घट नाहीं. तिला भारी साहित्यापेक्षां सवय अधिक लागते.

या प्रकाराला 'मॅक्रो' छायाचित्रण असें नांव रूढ आहे आणि त्याचा अर्थही नेमका ठरलेला आहे. कॅमेऱ्यांत ज्यावर प्रतिमा पडते त्या संवेदकावर किड्याची प्रतिमा किड्याएवढीच पडली, म्हणजे प्रमाण एकास एक झालें. मोठ्या कॅमेऱ्यांतील संवेदक ३६ मिलिमीटर लांब व २४ मिलिमीटर रुंद असतो. तेव्हां या प्रमाणावर चौकटींत मावणारें जगही तेवढेंच, एखाद्या पोस्टाच्या तिकिटाएवढें. आपल्याकडील सातेरी मधमाशी सुमारें एक सेंटिमीटर लांबीची. चौकटीच्या लांबीचा तिसरा हिस्साही ती धड भरीत नाहीं. मुंगी किंवा मावा चौकटभर हवा असल्यास प्रमाण दोनास एक, तिनास एक असें वाढवीत न्यावें लागतें, आणि अडचणी त्याहूनही अधिक मापानें वाढतात.

त्यांतली सर्वांत मोठी अडचण अशी, कीं इतक्या जवळून पाहतांना चित्रांत खोली म्हणून कांहीं उरतच नाहीं. दूरच्या डोंगराचें चित्र पायथ्यापासून माथ्यापर्यंत सारखें स्पष्ट येतें. उलट एकास एक प्रमाणावर, भिंगाचें छिद्र एफ ८ या मापाचें ठेवलें असतां, स्पष्ट दिसणारा थर अवघा एक मिलिमीटर जाडीचा असतो. दोनास एक प्रमाणावर तो मिलिमीटरच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शावर येतो. थराच्या पुढची मिशी पुसट, मागचा पंखही पुसट. छिद्र लहान केलें कीं थर जाड होतो हें खरें. एफ १६ वर तो दोन मिलिमीटरांच्या घरांत जातो. परंतु त्यालाही मर्यादा आहे. फार बारीक छिद्रांतून जातांना प्रकाश कडांशीं पसरतो, त्याला विवर्तन म्हणतात, आणि त्यायोगें सगळें चित्रच धुरकट होतें. शिवाय एकास एक प्रमाणावर नेहमींच्या रचनेंत एफ ११ चें छिद्र व्यवहारांत एफ २२ सारखें वागतें आणि प्रकाश चौथा हिस्साच पोंचतो. म्हणून जाणते लोक एफ ८ ते एफ ११ च्या आसपास थांबतात. नवशिका मात्र सगळा किडा एकदमच स्पष्ट मिळेल या आशेनें एफ ३२ कडे धांवतो, आणि त्याच्या हातीं येतो तो सर्वांगीं सारखाच अस्पष्ट किडा.

थराची जाडी हातांत नसली तरी तो कोठें बसवावा हें हातांत असतें. फुलपाखरूं पंख मिटून बसलेलें असेल तर कॅमेरा पंखांना अगदीं समांतर धरावा. मग पंख केवढाही रुंद असला तरी तो त्या पातळ थरांत पुरा मावतो. समोरून चित्र घ्यावयाचें असेल तर निदान डोळे थरांत आलेच पाहिजेत. डोळे स्पष्ट असले कीं बाकीचें शरीर धुक्यांत गेलेलें पाहणाऱ्याला खटकत नाहीं. डोळे चुकले तर उरलेलें सर्व अचूक येऊनही चित्र फुकट जातें.

स्थिर चित्रासाठीं तिपाई वापरावी असा उपदेश पुस्तकांतून आढळतो. बागेंतल्या जिवंत किड्यांपुरता तो फारसा उपयोगाचा नाहीं. तिपाईचे पाय पसरेपर्यंत माशी निघून गेलेली असते. नाहींतर एखादा पाय कुंडीला लागतो आणि फांदी हलते. आणि किडा जागचा हलला नाहीं तरी वाऱ्यानें डुलणाऱ्या पानाला तिपाई काय करणार? हात पानाबरोबर डुलूं शकतो. म्हणून पद्धत अशी: स्वयंचलित फोकस बंद करावा, प्रमाण आधींच ठरवून भिंग त्यावर कायम करावें, आणि मग कॅमेऱ्यासकट आपलें शरीरच किंचित् पुढें-मागें झुलवावें. किड्याचा डोळा स्पष्ट झाला त्या क्षणीं कळ दाबावी. श्वास अर्धा सोडून रोखावा, कोपरें फासळ्यांशीं टेकवावीं. एक गुडघा जमिनीला लावून दुसऱ्यावर कोपर ठेवतां आलें तर अधिक बरें. याहूनही गुणकारी युक्ति म्हणजे डाव्या हाताच्या बोटांच्या चिमटींत तो देठच हळूच धरणें आणि त्याच हातावर भिंगाचें तोंड टेकविणें. मग किडा आणि कॅमेरा दोन्ही एकाच हाताला बांधल्यासारखे होतात, आणि वारा आला तरी दोघे बरोबरच हलतात. सकाळच्या सुस्त किड्याला हें चालतें. दुपारीं तोच किडा देठाला बोट लागतांच पसार होतो.

एका बऱ्या चित्रासाठीं दहा-बारा वेळां कळ दाबावी लागते आणि बाकीचीं चित्रें टाकून द्यावीं लागतात, याची खंत कोणीं बाळगूं नये. फिल्मच्या काळांत ३६ चित्रांचा एक रोल असल्या कामांत बघतां बघतां संपून जाई. आतां त्याला वेळेखेरीज कांहीं खर्च नाहीं.

दुसरी अडचण उजेडाची. छिद्र लहान, आणि हाताचा प्रत्येक कंप चित्रांत किड्याइतकाच मोठा होणारा. येथें फ्लॅश कामीं येतो. फ्लॅश कमी शक्तीवर ठेवला तर त्याचा लखलखाट सेकंदाच्या सुमारें दहा हजाराव्या भागाइतकाच टिकतो. कॅमेऱ्याचा पडदा सेकंदाचा दोनशेवा भाग उघडा असला तरी आजूबाजूचा उजेड बेताचा असतां चित्र घडतें तें त्या लखलखाटांतच. हाताची थरथर आणि माशीचें मान वळविणें दोन्ही जागच्या जागीं थिजतात. मात्र उघडा फ्लॅश म्हणजे फार वाईट दिवा. भुंग्याची पाठ आरशासारखी; तिच्यावर पांढराफेक ठिपका उमटतो आणि मूळचा रंग झांकून टाकतो. यासाठीं दुधी प्लॅस्टिक, ट्रेसिंग कागद किंवा सामानाच्या वेष्टनांत येणारा पातळ फोम यांचा पडदा करून तो भिंगाच्या तोंडापर्यंत पुढें आणावा आणि किड्यावर छत्रीसारखा वांकवावा. किड्याच्या बाजूनें पाहतां दिवा जितका मोठा आणि जवळ, तितका उजेड सौम्य. घरीं कातरून चिकटविलेला पडदा बाजारांतल्यापेक्षां पुष्कळदां सरस ठरतो. त्याची खरी परीक्षा पाहावयाची तर कण्हेरीवर लटकणारा 'हबशी' फुलपाखराचा कोष शोधावा. तो चांदीच्या लोलकासारखा चकाकतो, आणि त्यांत आकाश, दिवा, कुंड्या आणि कॅमेरा धरणारा मनुष्य हीं सर्व वेडींवांकडीं होऊन दिसतात.

साहित्याविषयीं थोडक्यांत सांगण्यासारखें एवढेंच. ९० ते १०५ मिलिमीटरचें मॅक्रो भिंग सर्वांत सोयीचें. १०० मिलिमीटरच्या भिंगाचें तोंड एकास एक प्रमाणावरही किड्यापासून १४-१५ सेंटिमीटर दूर राहतें. तें परवडत नसल्यास ५० मिलिमीटरचें जुनें साधें भिंग उलटें बसविणारी कडी मिळते, अथवा भिंग आणि कॅमेरा यांच्यामध्यें बसणाऱ्या पोकळ नळ्या मिळतात. ५० मिलिमीटरच्या भिंगामागें तेवढ्याच लांबीच्या नळ्या लावल्या कीं प्रमाण एकास एक होतें. नळ्यांत कांच नसते, त्यामुळें त्या स्वस्त. कांहीं मोबाइल फोनही दोन सेंटिमीटरांपर्यंत जवळचें स्पष्ट दाखवितात. सुरवंट आणि कोष यांना ते पुरतात. माशी मात्र कोणाला इतक्या जवळ येऊं देत नाहीं.

किड्यांच्या अंगची उष्णता बाहेरच्या हवेवर अवलंबून असते, हें ज्यानें लक्षांत ठेवलें त्याचें अर्धें काम झालें. पुण्या-नाशिकाकडे हिंवाळ्यांतल्या सकाळीं चतुर आणि टाचण्या दंवानें भिजून गवताच्या काडीला धरून निश्चल बसलेल्या असतात, आणि ऊन लागेपर्यंत त्यांना उडणें अवघड जातें. मुंबईंत तशी थंडी क्वचित्. तेथें संध्याकाळ साधावी. निळ्या पट्ट्यांच्या, पोळें न करणाऱ्या एका जातीच्या मधमाश्या आहेत. त्यांचे नर तिन्हीसांजेस वाळक्या काडीला जबड्यानें घट्ट धरून लोंबकळत झोंप घेतात, पुष्कळदां एकाच काडीवर ओळीनें. असें ठिकाण एकदां सांपडलें कीं दुसऱ्या संध्याकाळींही तेथें जाऊन पाहावें.

जागा असलेल्या किड्याजवळ जातांना त्याच्यावर आपली सांवली पडूं देऊं नये आणि उभ्यानें झपकन् पुढें होऊं नये. जलद हालचाल टिपण्यांत माशीचा डोळा माणसाच्या डोळ्याहून कितीतरी तरबेज आहे. अतिशय संथ हालचालीकडे ती सहसा लक्ष देत नाहीं. चतुर उडाला तरी तेथेंच थांबावें, कारण तो बरेचदां त्याच काडीवर परत येतो. त्याच्या डोळ्याचें चांगलें चित्र मोठें करून पाहिलें तर बारीक षट्कोनी जाळी दिसते. कांहीं जातींत एकेका डोळ्यांत ३०,००० च्या आसपास नेत्रिका असतात. खंडोबाच्या किड्याच्या, म्हणजे प्रार्थनाकीटकाच्या, डोळ्यांत तर एक काळा ठिपका दिसतो आणि कोठूनही पाहिलें तरी तो पाहणाऱ्याकडेच रोखलेला वाटतो. ती बाहुली नव्हे. ज्या नेत्रिकांचीं तोंडें नेमकीं पाहणाऱ्याच्या दिशेनें असतात त्या प्रकाश आंत गिळतात आणि म्हणून काळ्या दिसतात. बाजू बदलली कीं दुसऱ्या नेत्रिकांची पाळी येते.

किड्याला स्थिर कसें करावें हा प्रश्न मात्र कॅमेऱ्याहून जुना आहे. रॉबर्ट हूकचा 'मायक्रोग्राफिया' हा ग्रंथ १६६५ सालचा. त्यांतलें मुंगीचें चित्र काढतांना ती जागीं ठरेना, तेव्हां हूकनें तिला ब्रँडी पाजली. ती बेशुद्ध पडली आणि कांहीं वेळानें एकाएकीं उठून पळाली. आजचे कांहीं हौशी लोक हेंच काम शीतपेटीकडून करून घेतात, आणि क्वचित् कोणी किड्याला गोंदानें चिकटवितोही. हा प्रकार अनुचित तर आहेच, पण चित्रालाही मारक आहे. गारठलेल्या किड्याचे पाय आखडलेले, मिशा पडलेल्या, आणि खालचें पान बहुधा भलत्याच झाडाचें. जाणत्या नजरेला तें लपत नाहीं. ज्यांना प्रत्येक केंस स्पष्ट हवा आहे त्यांच्यासाठीं संग्रहालयांतले मृत नमुने आहेत. लेव्हॉन बिस या ब्रिटिश छायाचित्रकारानें ऑक्सफर्डच्या संग्रहालयांतील एकेका नमुन्याचीं हजारों चित्रें एकत्र जोडून प्रचंड आकाराचीं चित्रें सिद्ध केलीं आणि २०१६ सालीं तेथेंच मांडलीं. तीं अप्रतिम आहेत, आणि तीं नमुन्यांचीं आहेत हें उघडपणें सांगितलेलें आहे.

आतां जास्वंदीवरचा तो कापूस. त्यांतला बराचसा पिठ्या ढेकूण असतो. तो देठाला चिकटून रस शोषतो आणि फार तर तीन-चार मिलिमीटरचा होतो. पण त्याच्यांतच कधीं कधीं एक मोठी, सेंटिमीटरभर लांबीची, मेणाच्या लांब लडी अंगावर वागविणारी पांढरी आकृति फिरतांना आढळते. ती क्रिप्टोलेमस नांवाच्या भुंग्याची अळी. १८९८ सालीं हा भुंगा ऑस्ट्रेलियांतून हिंदुस्थानांत आणला तो अशाच किडींचा नाश करण्यासाठीं, आणि त्याची अळी दिवसभर पिठ्या ढेकूणच खात असते. पिचकारीनें ती मरते. ढेकणाचीं अंडीं मेणाच्या पिशवींत सुरक्षित राहतात आणि कांहीं दिवसांत कीड दुप्पट जोमानें परतते. भिंगांतून एकदां लडी आणि चालते पाय पाहिले कीं ही चूक होत नाहीं. माव्यावर जगणाऱ्या ढालकिड्याच्या काळ्या-नारिंगी, सुसरीसारख्या अळीचेंही असेंच आहे. ठिपक्यांचा तांबडा भुंगा सर्वांना आवडतो, आणि त्याचीच पोरें कीड समजून चिरडलीं जातात.

चित्राबरोबर तारीख, ठिकाण आणि झाडाचें नांव टिपून ठेवावें. सुरवंट ओळखण्यास झाडाचें नांव रंगाहूनही उपयोगी पडतें. आरंभ करण्यास कढीलिंबाची कुंडी सर्वांत चांगली. तिच्यावरची पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी वाढीच्या शेवटच्या टप्प्यांत हिरवीगार होते, नंतर कोष करते, आणि अंड्यापासून फुलपाखरापर्यंत सगळा प्रवास साधारण महिन्याभरांत संपतो. कोष फुटण्याच्या आदल्या दिवशीं त्याचा रंग गडद होऊन आंतल्या पंखांवरची नक्षी बाहेरून दिसूं लागते. ती दिसली कीं रात्रींच कॅमेरा सज्ज करून ठेवावा, कारण फुलपाखरूं बहुधा सकाळींच बाहेर पडतें आणि कोषांतून सुटण्यास त्याला फार वेळ लागत नाहीं.