आधी वाट, मग जोता : घराच्या बांधकामासाठी स्वस्तात तात्पुरता रस्ता

कोकणातल्या आपल्या अनेक घरांची कथा सारखीच असते. एखादा मुलगा आखातात, पैसे तिकडून येतात आणि बांधकाम इकडे अब्बा नाहीतर चाचा बघतात. नकाशा, चिरा, सिमेंट, सळई, सगळ्याचा हिशेब होतो. गाडी जागेपर्यंत येणार कशी, हे मात्र कोणी विचारत नाही. आमचंही तेच झालं. पहिल्याच पावसात चिऱ्याची गाडी भातखाचरात रुतली. माल डांबरी रस्त्यावर उतरवावा लागला आणि तिथून डोक्यावरून वाहून नेण्याची मजुरी वेगळी द्यावी लागली. त्या पैशात वाटेचा मुरूम आला असता. ठेच लागून जे शिकलो, ते इथे सांगतो आहोत.

आधी माणसं, मग दगड

वाट दुसऱ्याच्या किंवा सामाईक जमिनीतून जात असेल तर आधी सातबारा काढा. त्यावर चाचा, फूफी, लग्न होऊन गेलेल्या बहिणी अशी बरीच नावं असतात. कोणी गावात राहत नाही म्हणून त्याचा हक्क संपत नाही. सगळ्यांची संमती साध्या कागदावर का होईना, लिहून घ्या: कुठला पट्टा, किती महिने, पिकाची भरपाई किती, बांध पुन्हा कोण घालून देणार. ही परवानगी तात्पुरती आहे, हेही त्यात स्पष्ट लिहा. शेजारी नकार देतो तो बहुतेक वेळा एकाच भीतीपोटी, की आज दिलेली वाट उद्या कायमची होईल. ती भीती कागदाने जाते.

वाट कुठून काढायची?

शक्य असेल तर पुढे घराचा कायमचा रस्ता जिथे होणार, तिथूनच काढा. म्हणजे आज घातलेला दगड उद्याच्या काँक्रीटचा किंवा पेव्हर ब्लॉकचा पाया होतो, पैसा वाया जात नाही. विहीर, शौचालयाची टाकी आणि पाण्याची पाइपलाइन यांच्यावरून गाडी नेऊ नका. रुंदी १० फूट पुरते, वळणावर मात्र १५ फूट ठेवा. चढ दर १० फुटांना १ फुटापेक्षा जास्त नको, नाहीतर भरलेली गाडी ओल्या मुरमावर घसरते.

दगड किती लागेल?

समजा वाट १२० फूट लांब, १० फूट रुंद आणि थर ८ इंचांचा. हे झाले ८०० घनफूट, म्हणजे ८ ब्रास. दाबल्यावर माल बसतो, म्हणून पाव हिस्सा जास्त धरा: १० ब्रास. त्यात साधारण साडेसात ब्रास डबर आणि अडीच ब्रास मुरूम. भाव प्रत्येक तालुक्यात वेगळा असतो, म्हणून दोन-तीन ठिकाणी विचारा आणि वाहतुकीसह दर ठरवा. दगड-मुरूम गौण खनिजात येतो. माल देणाऱ्याकडून वाहतूक पास मागून घ्या.

एवढं परवडत नसेल तर फक्त चाकांखाली तीन-तीन फुटांचे दोन पट्टे करा. त्याच लांबीला ६ ब्रासमध्ये काम भागतं. पण अशा वाटेवर ट्रॅक्टर आणि टेम्पोच आणायचा, भरलेला डंपर नाही.

काम कसं करायचं?

१. वरची सहा इंच माती काढून बाजूला रचून ठेवा. मऊ मातीवर टाकलेला दगड खाली जातो. हीच माती नंतर परसात किंवा शेजाऱ्याचं खाचर नीट करायला लागते.

२. खालची जमीन रोलरने किंवा धुम्मसाने दाबा. खाचराची चिकट माती असेल तर दगडाखाली जिओटेक्स्टाइल कापड अंथरा. त्याने दगड चिखलात मिसळत नाही.

३. सहा इंच डबर रचा, फटी लहान दगडांनी भरा. काळा दगड मिळाला तर उत्तम. जांभ्याचे तुकडे ओल्यात चाकाखाली फुटतात. जुन्या घराची विटा-दगडांची मोडतोड चालते, पण खिळे आणि काच आधी वेचा. जुने सिमेंटचे पत्रे फोडून त्यात टाकू नका. त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते.

४. वर दोन इंच मुरूम, पाणी मारून दाबलेला. मधला भाग कडांपेक्षा दोन-अडीच इंच उंच ठेवा. पावसाळ्यात काम चालणार असेल तर वर बारीक खडी पसरा, नुसता मुरूम चिखल होतो.

पाण्याला वाट द्या

तात्पुरता रस्ता गाडीच्या वजनाइतकाच आत मुरलेल्या पाण्यानेही मोडतो. दोन्ही बाजूंनी चर काढा. पाणी आडवं येत असेल तिथे किमान एक फूट व्यासाचा सिमेंटचा पाइप टाका आणि त्यावर फूटभर भराव द्या. डांबरी रस्त्याला जोडताना कडेचं गटार दगडाने बुजवू नका. ग्रामपंचायतीचा रस्ता असेल तर तिथे, सार्वजनिक बांधकाम खात्याचा असेल तर त्यांच्याकडे आधी परवानगी मागा आणि तिथेही पाइप घाला. आपण बुजवलेल्या गटाराचं पाणी जुलैत दुसऱ्याच्या पडवीत शिरतं.

नंतरची काळजी

चाकोरी दिसली की त्याच दिवशी दगड टाकून भरा. दुर्लक्ष केलं तर तिथे पाणी साचतं आणि पुढची गाडी तिथेच रुतते. मोठ्या पावसानंतर निदान एक दिवस जड गाडी आणू नका. काम आखातातून बघणाऱ्या भावाला नुसता फोटो न पाठवता थराला टेप लावलेला फोटो पाठवा. आठ इंचांचे पाच इंच तिथेच कळतात.

घर उभं राहिलं की शेजाऱ्याच्या जमिनीतला दगड उचला, माती परत पसरा, बांध घालून द्या आणि त्यांना बोलावून दाखवा. कागदावर लिहिलेला शब्द तेव्हाच पुरा होतो. त्या घरात आपल्याला पिढ्यान् पिढ्या राहायचं आहे, आणि शेजारी तेच असणार आहेत.