इंग्रजी पळते, मराठी चालते!

‘रन’ म्हणजे फक्त धावणं आणि सचिनच्या धावा? मग ऑफिसात तुमची विकेट पडणार, बॉस! या इवल्याशा शब्दाशी जरा दोस्ती कराच.

सोमवारची सकाळ. कॉन्फरन्स कॉल रंगात आलेला. पलीकडून आवाज येतो, ‘रन इट बाय फायनान्स.’ तुम्ही मान डोलावता, वहीत लिहूनही घेता. फोन ठेवल्यावर मात्र डोकं खाजवत बसता. नेमकं चालवायचं काय? आणि कुणी? आपण की फायनान्सवाल्यांनी?

साहेबांचं म्हणणं साधं असतं. हे फायनान्सवाल्यांच्या नजरेखालून घाल, त्यांचं मत घे. बस्स! शब्द पहिलीतला, पण अर्थ निसटला की काम भलत्याच्याच टेबलावर जाऊन पडतं. बोलणी खायची ती आपणच.

यात तुमचा काही दोष नाही बरं का. ‘ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी’च्या १९८९ च्या वीस खंडी आवृत्तीत सगळ्यात जास्त जागा अडवून बसला होता ‘सेट’. नव्या आवृत्तीचं काम करताना ‘रन’ने त्याला मागे टाकलं. २०११ मध्ये जाहीर झालेला आकडा वाचून भोवळच येईल. एकट्या क्रियापदाचे ६४५ अर्थ! कोशकार पीटर गिलिव्हर यांनी या एका शब्दावर सुमारे नऊ महिने घालवले. म्हणजे साक्षात ऑक्सफर्डवाल्यांनाही घाम फुटला. आपण तर ‘वडापाव खाऊन लोकल पकडणारी’ माणसं!

पण घाबरू नका, किल्ली आपल्या घरातच आहे. इंग्रजी माणूस जिथे पळतो, तिथे मराठी माणूस बहुतेक वेळा चालतो. त्याची कंपनी ‘रन’ होते, आपलं दुकान चालतं. त्याचं मशिन ‘रन’ होतं, आपलं चालतं. ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ १९९५ मध्ये मराठा मंदिरात लागला आणि हजार आठवड्यांहून जास्त... काय झाला? चालला! इंग्रजीत त्यालाही ‘रन’च म्हणतात. त्यामुळे ‘रन’ दिसला की आधी ‘चालणे’ लावून बघा. निम्मी लढाई तिथेच जिंकाल.

उलटा प्रवास मात्र करू नका. ‘उपासाला साबुदाणा चालतो’, ‘आज डोकं चालत नाही’, ‘त्याचं साहेबांकडे फार चालतं’ यातलं एकही ‘रन’ होत नाही. आणि एखाद्या ‘चालू’ माणसाला ‘रनिंग मॅन’ म्हणालात, तर तो बिचारा स्वतःला मॅरेथॉनपटू समजेल!

काही ठिकाणी गंमत आणखी वाढते. निवडणूक आली की अमेरिकन नेता ‘रन’ करतो, ब्रिटिश नेता ‘स्टँड’ करतो. आपला नेताही उभाच राहतो. वाहत्या नाकाला इंग्रजीत ‘रनिंग नोज’. धुताना कपड्याचा रंग गेला, तर तोही ‘रन’ झाला. आणि बँकेवर ‘रन’ आला म्हणजे खातेदार घाबरून एकदम पैसे काढायला धावले. ९ मार्च २०२३ ला अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेतून एका दिवसात सुमारे ४२ अब्ज डॉलर काढून घेण्याची मागणी झाली. दुसऱ्या दिवशी बँकेला टाळं! हा ‘रन’ क्रिकेटमधल्यासारखा टाळ्या वाजवण्याचा नाही.

ऑफिसात रोज भेटणारे ‘रन’

• रन थ्रू : भरभर नजर टाकणं. प्रेझेंटेशनच्या आधी एकदा कराच.

• ड्राय रन : रंगीत तालीम. क्लायंट यायच्या आधीची.

• रन आउट ऑफ : संपणं. प्रिंटरची शाई, महिन्याचा पगार आणि बॉसचा पेशन्स, तिघंही याच वाटेने जातात.

• रन ओव्हर : मीटिंग झाली तर वेळेपेक्षा लांबली. माणूस झाला तर गाडीखाली आला. जपून वापरा!

• रन इंटू : कुणीतरी अचानक भेटणं. अडचणीही अशाच भेटतात.

• रन-इन : खटका उडणं. शक्यतो अप्रेझलच्या महिन्यात नको.

• रनअराउंड देणं : टोलवाटोलवी. ‘उद्या या, साहेब रजेवर आहेत.’

• रन ऑफ द मिल : अगदी साधं, चारचौघांसारखं. गिरणीतून निघालेला, प्रतवारी न केलेला माल. त्यावरून हा वाक्प्रचार आला. तुमच्या कामाला कुणी असं म्हणालं, तर ती शाबासकी नव्हे.

आता ६४५ अर्थ पाठ करायचे का? मुळीच नाही! ‘रन’कडे बघूच नका, त्याच्या शेपटीकडे बघा. ‘बाय’, ‘आउट’, ‘इंटू’, ‘ओव्हर’ हे छोटे शब्दच खरा अर्थ सांगतात. जोडी लक्षात ठेवा, सुटा शब्द नको. नवी जोडी कानावर पडली की अख्खं वाक्य मोबाइलमध्ये टिपून ठेवा. दोन आठवड्यांत तीच जोडी तुमच्या मेलमध्ये उतरेल.

आणि तरीही अडलंच, तर बिनधास्त विचारा, ‘म्हणजे मी नक्की काय करायचं?’ आपल्याकडे मराठी मीडियमवाल्यांना हा प्रश्न विचारायला उगाच लाज वाटते. कॉलवर मान डोलावून गप्प बसणाऱ्यापेक्षा विचारून काम नीट करणारा माणूस कुठल्याही टीमला हवाच असतो. इंग्रजीला पळू द्या की. आपण विचारत विचारत, न अडखळता चाललो तरी पोचतोच!