इनहेरिटन्स म्हणजे सातबाऱ्यावरचा वारसा नव्हे



राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये उच्च प्राथमिक वर्गांसाठी कोडिंगचे उपक्रम सुचवले आहेत. त्यामुळे 'इनहेरिटन्स म्हणजे काय?' हा प्रश्न घरी आज ना उद्या येणारच. आपण चटकन सांगतो, वारसा! पण शेतकऱ्याच्या घरातल्या मुलाला वारसा म्हटलं की सातबारा आठवतो. वडिलांचं नाव कमी होतं, मुलांची चढतात, हिस्से पडतात. जपानच्या युकिहिरो मात्सुमोतो यांनी १९९५ मध्ये लोकांसमोर आणलेल्या रुबी भाषेत यातलं काहीच घडत नाही.

आपल्या लाखांदूरकडचंच उदाहरण घ्या. 'पीक' नावाचा एक क्लास आहे. त्यात 'लागवड' ही मेथड, म्हणजे करायचं काम. ती पडद्यावर छापते, 'बी पेरा'. आता 'लाखोळी < पीक' असा दुसरा क्लास करा आणि आत काहीच लिहू नका. तरी लाखोळीला लागवड विचारली की उत्तर येतं, 'बी पेरा'. रुबी आधी लाखोळीत शोधते, नाही सापडलं तर वर 'पीक'मध्ये जाते. तिथून नक्कल करून आणलेली नसते बरं का! 'पीक'मध्ये बदलून 'ओल पाहून बी पेरा' लिहा, लाखोळीचंही उत्तर त्याच क्षणी बदलतं.

धानाचं मात्र नुसतं पेरून भागत नाही. म्हणून 'धान < पीक' या क्लासमध्ये त्याच नावाची 'लागवड' पुन्हा लिहायची, 'रोवणी करा'. हेच मेथड ओव्हररायडिंग. रुबीचा शोध आता धानातच थांबतो. मुलांना वाटतं, वरची मेथड पुसली गेली. तसं नाही, लाखोळीला विचारून बघा, ती अजूनही 'पीक'चंच उत्तर देते.

पण रोवणीच्या आधी पऱ्हे टाकावेच लागतात, म्हणजे बी पेरणं सुटलेलं नाही. अशा वेळी धानाच्या मेथडमध्ये पहिल्या ओळीवर 'सुपर' लिहायचं. आधी 'पीक'ची लागवड चालते, मग रोवणी. 'सुपर' राहून गेलं तर संगणक काही तक्रार करत नाही. गुमान पऱ्ह्याशिवाय रोवणी करून मोकळा होतो!

दुसरी गडबड शुद्धलेखनाची. रुबीत मेथडचं नाव देवनागरीत चालतं. (क्लासचं नाव मात्र रोमन लिपीतच ठेवा. ते मोठ्या अक्षराने सुरू व्हावं लागतं आणि आपल्या लिपीत लहान-मोठी अक्षरं नाहीत.) समजा मुलाने धानात 'लागवड'ऐवजी 'लागवाड' लिहिलं. चूक दाखवली जात नाही, एक नवीनच मेथड तयार होते. 'लागवड' विचारली की धान पुन्हा लाखोळीसारखंच उत्तर देतं. मुलगा तासभर कोड बघत बसतो. तेव्हा त्याला आधी दोन्ही नावं एकाखाली एक लिहून वाचायला सांगा.