साक्षीदारांनी सांगितलेली रहस्यकथा

गुन्ह्याची हकिकत सर्वज्ञ निवेदकाने, म्हणजे सर्व पात्रांचे अंतरंग जाणणाऱ्या कथनकाराने, न सांगता ती वेगवेगळ्या साक्षीदारांच्या जबान्यांतून वाचकापुढे ठेवण्याची पद्धत इंग्रजी कादंबरीत रुजवण्याचे श्रेय प्रामुख्याने विल्की कॉलिन्स यांना दिले जाते. १८५१ मध्ये बॅरिस्टर झालेल्या, पण वकिलीऐवजी लेखनाकडे वळलेल्या कॉलिन्स यांनी ‘द वूमन इन व्हाइट’ (१८६०) या कादंबरीची मांडणी न्यायालयातील साक्षींच्या धर्तीवर केली. ज्याला जे प्रत्यक्ष ठाऊक असेल तेवढेच त्याने सांगावे, असा त्यामागचा दंडक होता. त्यानंतर १८६२-६३ मध्ये क्रमशः प्रसिद्ध झालेल्या ‘द नॉटिंग हिल मिस्ट्री’मध्ये तर विम्याच्या दाव्याचा तपास करणाऱ्याने जमवलेली पत्रे, रोजनिशीतील नोंदी आणि जबान्या यांतूनच सारे कथानक उभे राहिले.

या पद्धतीचे खरे सामर्थ्य कॉलिन्स यांच्याच ‘द मूनस्टोन’मध्ये (१८६८) दिसून आले. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टणच्या पाडावाच्या वेळी लुटलेला हिरा पुढे इंग्लंडमधील एका घरातून नाहीसा होतो आणि त्याची कथा घरातला जुना कारभारी, धर्मप्रचाराने झपाटलेली एक नातेवाईक, वकील अशी माणसे आळीपाळीने सांगतात. त्यामुळे वाचकाला घटनांबरोबर सांगणाऱ्यांचे पूर्वग्रहही कळत जातात. या जबान्या जमवणारा फ्रँकलिन ब्लेक याच्यावरच शेवटी पुराव्याचे बोट येते, कारण अफूच्या अमलाखाली आपण काय केले हे त्याला स्वतःलाच ठाऊक नसते. साक्ष प्रामाणिक असूनही अपुरी असू शकते, हा विचार येथे कथानकाच्या मुळाशी आहे.

तरीही कॉलिन्स यांच्याकडे सर्व जबान्या जुळवल्या की एकच सत्य हाती येते. ही खात्री जपानी लेखक र्युनोसुके आकुतागावा यांनी १९२२ सालच्या ‘याबू नो नाका’ या कथेत मोडून काढली. तिच्यात दरोडेखोर, पत्नी आणि माध्यमाच्या तोंडून बोलणारा मृत पती हे तिघेही पतीच्या मृत्यूचे कर्तेपण स्वतःकडे घेतात आणि निवाडा होतच नाही. अकिरा कुरोसावा यांच्या ‘राशोमोन’ (१९५०) या चित्रपटाचे कथानक मुख्यतः याच कथेवर आधारलेले आहे. पुढे इयन पेअर्स यांनी ‘अ‍ॅन इन्स्टन्स ऑफ द फिंगरपोस्ट’मध्ये (१९९७) सतराव्या शतकातील ऑक्सफर्डमधील एका मृत्यूची हकिकत चार निवेदकांकडून वदवली आणि प्रत्येक नव्या निवेदनाने आधीच्यावरचा विश्वास डळमळीत केला.

गुन्हा कोणी केला, या प्रश्नाइतकेच कोणाच्या शब्दावर आणि का विश्वास ठेवावा, या प्रश्नालाही महत्त्व देणे, ही या परंपरेची रहस्यकथेला मिळालेली देणगी आहे. म्हणून अशी कादंबरी वाचताना साक्षीदार काय सांगतो याबरोबरच तो काय गाळतो, याकडेही वाचकाने लक्ष द्यावे.