समुद्रकाठचे अतिथिगृह

समुद्रकाठी राहिल्याने थकलेला मनुष्य ताजातवाना होतो, हा अनुभव जुना आहे. परंतु त्याला वैद्यकाची प्रतिष्ठा लाभली ती अठराव्या शतकातील इंग्लंडात. डॉक्टर रिचर्ड रसेल यांनी १७५० साली ग्रंथींच्या विकारांवर समुद्रजलाचा उपयोग प्रतिपादणारा लॅटिन प्रबंध प्रसिद्ध केला. हे खारे पाणी ते रोग्यांना पिण्यासही देत! पुढे ब्रायटनचा किनारा रोग्यांनी गजबजू लागला. १८४१ साली तेथे लंडनहून आगगाडी पोहोचली, १८७१ च्या कायद्याने बँकांच्या सुट्ट्या ठरल्या, आणि धनिकांच्या मागोमाग कारकून व कारागीरही समुद्राकडे धावू लागले. त्यांच्यासाठी किनाऱ्यावरील गावोगावी साधी अतिथिगृहे निघाली.

समुद्रजल पिण्याचा तो उपचार आता मागे पडला आहे. अतिथिगृहाचे आकर्षण मात्र ओसरलेले नाही. असे का व्हावे? घरी मनुष्य कोणाचा पिता असतो, कोणाचा ऋणको असतो, कोणाचा हाताखालचा नोकर असतो. अतिथिगृहातील परक्यांच्या पंगतीत त्याची ही सारी नाती दाराबाहेर राहतात. शेजारी बसलेल्या गृहस्थास त्याचे जुने अपयश ठाऊक नसते. त्यामुळे त्याच्याशी बोलताना जुनीच भूमिका वठविण्याची सक्ती उरत नाही. जेवणाची वेळ आणि भरती-ओहोटी एवढेच दिवसाचे बंधन राहते. मन सैल होते ते या मोकळिकीमुळे.

कवी टी. एस. एलियट यांचे उदाहरण येथे बोलके आहे. लंडनमधील बँकेची नोकरी व मानसिक ताण यांनी खचलेल्या एलियट यांना १९२१ साली तीन महिन्यांची रजा मिळाली. त्यांपैकी सुमारे तीन आठवडे ते मार्गेट येथे समुद्राजवळच्या एका हॉटेलात राहिले. किनाऱ्यावरील आडोशाच्या बाकावर बसून त्यांनी ‘द वेस्ट लँड’ या काव्याचा काही भाग लिहिला. तथापि तेवढ्याने ते बरे झाले नाहीत. उपचारांसाठी त्यांना पुढे स्वित्झर्लंडमधील लोझान येथे जावे लागले. काव्य पूर्ण झाले, आणि १९२२ साली ते प्रसिद्ध झाले.

समुद्रकाठच्या वास्तव्यापासून किती अपेक्षा करावी, हे यावरून उमजते. अतिथिगृह दुःखाचे निवारण करीत नाही. परतल्यावर तेच घर आणि तेच देणे वाट पाहात असते. परंतु काही दिवस ओझे खाली ठेवावयास मिळाले, म्हणजे ते पुन्हा उचलावे कसे, याचा विचार मनुष्यास सुचू लागतो.